फातिकच्या अंगणातलं म्बूम

डाकारला राहायला आलो त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक झाड दिसलं आणि हातातलं पातेलं तसंच धरून मी बघत राहिले. शेजारच्या भिंतीपलीकडे उभा होता तो शेवगाच. तीच बारीक गोलसर पानं, तीच जरा वारा आला की थरथरणारी डहाळी. शेजारणीने त्याचं इथलं नाव सांगितलं, नेबेदाय. फांदी तोडून कुठेही रोवली तरी जगते, म्हणून इंग्रजीतल्या ‘नेव्हर डाय’वरून हे नाव पडलं, असं सेनेगलमध्ये सगळेच सांगतात. आमच्या सोलापूरच्या परसातला शेवगाही आजोबांनी कुणाकडून तरी आणून रोवलेल्या एका फांदीचाच.

मग कास्तोरच्या बाजारात बाजरी दिसली. शेंगदाण्यांचे तर ढीगच्या ढीग. शेवगा, दाणे, बाजरी हे तिन्ही जिथे आहे तिथे आपलं नीट चालेल, असं त्या दिवशी वाटलं आणि घरी येऊन आईला फोनवर तेच सांगितलं.

माझी आई वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, म्हणजे शेगलाची भाजी, आणि आंबोळ्या हव्यातच. बाबांचं घर सोलापूरचं. तिथे उखळात कांडलेली शेंगांची चटणी रोज ताटात आणि कूट बहुतेक भाज्यांत. त्यामुळे शेजारणीने जेव्हा सांगितलं की तिच्या माहेरी नेबेदायचा पाला आणि दाणे घालून ‘म्बूम’ नावाचं दाट कालवण करतात आणि ते बाजरीच्या ‘चेरे’बरोबर खातात, तेव्हा मला त्यात शिकण्यासारखं काही वाटलंच नाही. पाला निवडला, लसणाची फोडणी केली, कांदा परतला, दाणे खरपूस भाजून कूट केलं आणि तिला वाटीभर नेऊन दिलं. तिने सगळं संपवलं, वाटी धुऊन परत आणली आणि म्हणाली, “चांगलं झालंय. पण हे म्बूम नाही. म्बूम शिकायचं तर माझ्या आईकडे चल.”

तिचं माहेर फातिकच्या पुढे, सेरेर लोकांच्या सिन भागात. नोव्हेंबरात, भुईमुगाची काढणी उरकल्यावर, आम्ही निघालो. पिकीनच्या बो मारेशे स्थानकावरून सात प्रवासी भरले की सुटणारी जुनी गाडी मिळते, तिला ‘सेत्प्लास’ म्हणतात. साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता. डाकारची घरं मागे पडली की बाओबाब सुरू होतात. आपल्याकडची गोरखचिंच ती हीच, पण आपल्याकडे एखादी दिसली तरी लोक मुद्दाम बघायला जातात, इथे शेताशेतात उभ्या. फातिक जवळ आलं की जमिनीवर मिठाचे पांढरे पट्टे दिसायला लागतात. गावात शिरताना प्रत्येक घराच्या छपरावर नाहीतर कुंपणाशी भुईमुगाच्या वाळक्या वेलांच्या गंजी होत्या. घोड्यांना आणि मेंढ्यांना वर्षभर हाच चारा.

शेजारणीच्या आईला मी ‘याय’ म्हणायला लागले. याय म्हणजे आई. तिने मला पहिल्याच संध्याकाळी ‘सामा दोम’, माझं लेकरू, म्हटलं. आईला आपण अगं-तुगं करतो, म्हणून मीही तिच्याबद्दल तसंच लिहिते.

मला वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक सुरू होईल. यायने संध्याकाळीच कामाला लावलं, कारण चेरे आधी करून ठेवावं लागतं. बाजरी कांडून, धुऊन, गिरणीतून दळून आणलेली होती. मोठ्या लाकडी परातीत पीठ घेऊन तिने त्यावर बोटांनी पाण्याचा शिपका मारला आणि दोन्ही तळवे पिठावरून गोल गोल फिरवायला लागली. जोर अजिबात नाही. पाहता पाहता पिठाचे मोहरीएवढे कण झाले. मी हात घातला आणि त्याच पिठाचे गोळे झाले, कारण माझ्या हाताला भाकरीचं पीठ मळायची सवय. बाजरीच्या पिठाला चिकटपणा यावा म्हणून आपण तळहाताच्या टाचेने रगडतो. चेरेला तो चिकटपणाच नको असतो. यायने माझी मनगटं धरली आणि हलकेच फिरवून दाखवली, जणू परातीत पाणी आहे आणि ते हिंदकळू द्यायचं नाही. अर्ध्या तासाने मला ते जरासं जमलं. मग सगळं चाळणीतून काढायचं, मोठे गोळे मोडून पुन्हा फिरवायचे.

वाफवायला बुडाला भोकं असलेलं भांडं, ‘इंदे’. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर इंदे, आणि दोघांच्या सांध्यात ओल्या पिठाची पट्टी लावून फट बुजवायची, म्हणजे वाफ बाजूने न जाता कणांतून वर येते. एकदा वाफ आली की कण परातीत उपसायचे, गुठळ्या फोडायच्या, मिठाचं पाणी शिंपडायचं, थोडं निवू द्यायचं. दुसऱ्या वाफेच्या आधी त्यात ‘लालो’ मिसळतात. लालो म्हणजे गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांची पूड. ओली झाली की भेंडीसारखी बुळबुळीत होते, आणि नेमकं तेच हवं असतं. लालो नसेल तर बाजरीचे कण घशात अडकतात. लालो घातलं की घास सरसर उतरतो. रात्री चेरे कपड्यात गुंडाळून टोपलीत ठेवून दिलं.

सकाळी पाला आला. नोव्हेंबरातला पाला पावसाळ्यातल्या पाल्यासारखा लुसलुशीत नसतो, रंगानेही गडद. आम्ही चौघी चटईवर बसून डहाळ्या ओरबाडत होतो. बोटांच्या चिमटीत देठ धरून खालपासून वरपर्यंत सर्रकन ओढायचं, पानं हातात येतात. हे मला येत होतं आणि माझा वेग बघून यायने मान डोलावली, तेव्हा फार बरं वाटलं. मी विचारलं, शेंगांचं काय करता? काही नाही, वाळल्या की बी काढायचं. शेंगा आमटीत घालून चोखून खातो असं सांगितल्यावर पोरं माझ्याकडे टक लावून बघायला लागली. एकाच झाडाच्या दोन बाजू आहेत या. आम्ही शेंगेला जीव लावला, त्यांनी पाल्याला. आपल्याकडे हल्ली शेवग्याची पूड ‘मोरिंगा’ म्हणून डब्यांतून महागात विकली जाते, आणि दारातल्या झाडाचा पाला मात्र शेळीपुढे पडतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाला मिठाच्या पाण्यात उकळायला टाकला. वीस मिनिटांनी यायने एक पान चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणखी थोडं उकळू दिलं आणि मग ते सगळं हिरवंगार पाणी अंगणाच्या कडेला ओतून दिलं. मी जवळजवळ हात पुढे केला. पाण्याबरोबर सत्त्व जातं हे लहानपणापासून कानावर पडलेलं. यायने मला ते पाणी आधी चाखवलं. कडू, आणि मागाहून जिभेला तुरट. ती म्हणाली, पावसाच्या सुरुवातीचा कोवळा पाला असेल तर पाणी ठेवायचं. जून पाला असेल तर पहिलं पाणी टाकायचं, नाहीतर दाण्यांची गोडी त्या कडूपणाखाली दबून जाते. पाला थंड पाण्यात बुचकळून, घट्ट पिळून, त्याचे लाडवाएवढे गोळे करून ठेवले.

मग दाणे. इथे माझी सगळ्यात मोठी चूक कळली. म्बूमला दाणे कच्चे लागतात. भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचं कालवण इथे आहे, ते ‘माफे’, भाताबरोबर खातात, आणि त्याची चव अगदी वेगळी. म्बूमसाठी कच्च्या दाण्यांची पूड, तिचं नाव ‘गेर्ते नोफ्लाय’. नवे दाणे उन्हात ठेवून सालं चोळून पाखडून काढली. त्याआधी यायने ते सुपात पसरून एकेक निवडले. काळपट, सुरकुतलेला, किंचितही बुरशी असलेला दाणा बाजूला. बुरशीच्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि शिजवूनही पुरतं जात नाही. यायला तो शब्द ठाऊक नव्हता, पण “असा दाणा पोट खातो” एवढं तिने आपल्या आईकडून ऐकलं होतं.

उखळ कंबरेएवढं उंच, मुसळ माझ्या खांद्याला लागेल एवढं. उखळाला ‘गन’ म्हणतात, मुसळाला ‘कूर’. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने घाव घालतात. हात बसलेली बाई मुसळ वर गेल्यावर ते क्षणभर हवेत सोडून टाळी वाजवते आणि खाली येताना पुन्हा पकडते. शेजारणीची वहिनी ते करत होती आणि तिच्या टाळ्यांच्या तालावर माझे घाव आपोआप बसायला लागले. सोलापूरला चटणी कांडताना तेल सुटेपर्यंत थांबायचं नाही, हे आजीने शिकवलेलं. दाणे चमकायला लागले, गोळा व्हायला लागला, की चटणी झाली. इथे त्याच्या बरोब्बर उलटं. तेल सुटायच्या आत थांबायचं, चाळायचं, वरचा भरडा पुन्हा उखळात. पूड पांढरीशुभ्र, कोरडी, रव्यापेक्षा जरा बारीक. पाच घाव जास्त झाले की लगदा होतो. माझ्या हातून एक घाणा तसा गेला. यायने तो बाजूला ठेवला आणि रात्री पोरांना साखर घालून दिला.

कांडणं चालू असताना शेजारणीचा भाऊ येऊन बसला. तो शाळेत इतिहास शिकवतो. दाण्याबद्दल जे माझ्या ध्यानीमनी नव्हतं ते त्याने सांगितलं. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इथे आला. 1840 च्या दशकापासून तो इथून फ्रान्सला जायला लागला, मार्सेयच्या तेलाच्या आणि साबणाच्या कारखान्यांना. मग रेल्वे आली, 1885 साली डाकार ते सेंट लुईस, आणि पुढे काओलाक हे दाण्याचं मोठं बंदर झालं. शेतकऱ्यांनी बाजरीच्या जमिनीत दाणे पेरले, आणि त्यांच्या पोटाला फ्रेंचांच्याच ताब्यातल्या इंडोचायनामधून तांदळाची कणी आली. आज शहरात दुपारी भात असतो तो त्यामुळे. मासे-भाताचं ‘चेबू जेन’ 2021 साली युनेस्कोच्या यादीत गेलं, त्याचा त्याला अभिमान आहेच. पण तो म्हणाला, “म्बूम आणि चेरे हे त्याच्या आधीचं. इथे दाणा विकायला निघण्याआधी खायला होता.”

मी त्याला बाजरीचं विचारलं. ती तर इथलीच. सहाराच्या दक्षिण काठावर, आजच्या मालीच्या भागात, साडेचार हजार वर्षांपूर्वी बाजरी पिकवत असल्याच्या खुणा सापडल्या आहेत, आणि भारतात ती इथूनच आली. शेवगा हिमालयाच्या पायथ्याचा, तो आपल्याकडून इकडे. म्हणजे ज्या बाजरीला मी जन्मभर आपल्या मातीची समजत आले ती यायच्या घरची, आणि ज्या झाडाला पोरं त्यांचं समजतात ते माझ्याकडचं. मी हे यायला सांगितलं. ती कांडत होती. न थांबता म्हणाली, “मग हिशेब बरोबर झाला.”

आता मासे. ‘गेज’ म्हणजे एखादा दिवस आंबवून, खारवून मग उन्हात वाळवलेला मासा. ‘येत’ म्हणजे समुद्रातली मोठी गोगलगाय, तीही आंबवून वाळवलेली. आणि ‘नेतेतु’ म्हणजे एका शेंगेच्या झाडाच्या बिया उकडून, आंबवून केलेले काळे गोळे. तिन्हींचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला जड जातो. मला नाही गेला. पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या आजीच्या माळ्यावरचा सुक्या बांगड्यांचा आणि गोलम्याचा डबा उघडला की जो वास यायचा, त्याच्याच नात्यातला हा वास. गेज कोमट पाण्यात दोनदा धुतला. नेतेतु, कांदा आणि ओली मिरची उखळात एकत्र कांडली. धुरावलेल्या मांगुराचे काटे काढून तुकडे केले.

तीन दगडांच्या चुलीवर पाणी ठेवलं आणि मी तेलाची बाटली शोधायला लागले. यायने विचारलं, कशाला? म्बूमला फोडणी नाही. परतणं नाही. तेल जे काही यायचं ते दाण्यातून येईल. आधी पाणी, त्यात कांडलेला कांदा-नेतेतु, गेज आणि येत. मीठ सगळ्यात शेवटी, कारण गेज किती खारट आहे हे आधी कळत नाही. पाण्याला पिवळसर रंग आला की दाण्याची पूड, मुठीमुठीने, एका हाताने भुरभुरत, दुसऱ्या हाताने ढवळत. कच्च्या दाण्याची पूड दुधासारखी उतू जाते, हे मला चुलीशी बसल्यावरच कळलं. पांढरा फेस एकदम वर आला आणि यायने एक लाकूड मागे ओढून जाळ कमी केला. पुढची वीस मिनिटं डाव हातातून सोडायचा नाही. तळाला लागलं तर सगळ्या कालवणाला करपट वास येतो.

मी सतत वास घेत होते. आधी कच्च्या डाळीसारखा वास. मग तो गेला आणि काही वेळ कसलाच वास नाही. मग हळूहळू गोडसर, शिजलेल्या दाण्याचा, ओल्या शेंगा खारवून उकडताना येतो तसा. तेव्हा यायने मासा घातला, पिळलेल्या पाल्याचे गोळे हाताने मोकळे करून घातले आणि वर दोन अख्ख्या मिरच्या ठेवल्या, ‘कानी’. त्या फुटू द्यायच्या नाहीत. नुसत्या वाफेवर त्यांचा सुगंध उतरतो, ज्याला तिखट हवं त्याने ताटात कुस्करून घ्यावी.

त्यानंतर पाऊण तास मंद जाळ. याच काळात म्बूम ‘होतं’. पाणी आटतं, पाला आणि दाणे एकजीव होतात, रंग गडद शेवाळी होतो, आणि कडेला तेलाचे बारीक थेंब दिसायला लागतात. ते दिसले की पातेलं उतरवायचं. मी फोडणीत आधी घालते ते तेल इथे शेवटी आपणहून वर आलं होतं. चवीला दाणा पुढे नाही, पाला पुढे नाही, मासाही नाही. खाली आंबवलेल्या नेतेतुचा खोल खारटपणा, त्यावर दाण्याची साय, आणि अगदी शेवटी शेवग्याचा तो थोडासा कडूपणा, जो पहिल्या पाण्यात गेला नव्हता. डाकारला केलेली माझी भाजी मला तेव्हा आठवली. भाजलेल्या दाण्याचा आणि लसणाचा वास एवढा मोठा होता की पाल्याला तिथे बोलायला जागाच नव्हती.

चेरे पुन्हा एकदा वाफवून मोठ्या थाळ्यात पसरलं, मधोमध म्बूम ओतलं. “काय लेक!” अशी हाक गेली. ये, जेव. कुंपणाबाहेरून जाणाऱ्यालाही ती हाक जाते. आम्ही नऊ जणी आणि पोरं एका थाळ्याभोवती बसलो. बिस्मिल्ला म्हणून उजव्या हाताने सुरुवात, आणि प्रत्येकाने फक्त आपल्यासमोरचं खायचं. माशाचे तुकडे मध्यभागी असतात, ते याय तोडून एकेकीसमोर सरकवत होती. माझ्यासमोर सगळ्यात जास्त आले. चेरे आणि म्बूम तळहातावर दाबून लहान मुटका करायचा आणि तोंडात टाकायचा. लालोमुळे तो खरंच सरसर उतरतो.

डाकारला परत आल्यावर महिन्यातून दोनदा तरी म्बूम करते. चौघांना पुरेल एवढ्यासाठी निवडलेला पाला अर्धा किलो, कच्चे दाणे पाव किलो, पाणी दीड लिटर, दोन मोठे कांदे, तळहाताएवढा गेज आणि सुपारीएवढं नेतेतु. उखळ नाही, म्हणून मिक्सर थांबून थांबून फिरवते, तीन-तीन सेकंद, नाहीतर तेल सुटतंच. चेरे बाजारातून तयार आणते. हाताने करायचं धाडस अजून एकदाच केलंय.

डिसेंबरात सोलापूरला गेले तेव्हा परसातल्या शेवग्याचाच पाला काढला. गेज नव्हता, आईने वेंगुर्ल्याहून आलेला सुका बांगडा काढून दिला. पाल्याचं पाणी ओतताना ती कळवळली, “अगं, सगळं सत्त्व ओतलंस की!” मी तिला ते पाणी चाखवलं. फोडणी नाही म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हललीच नाही, शेवटपर्यंत पातेल्याशी उभी होती, आणि कडेला तेल दिसल्यावर आधी तिनेच मला दाखवलं. चेरे कुठून आणणार? बाजरीच्या भाकरी केल्या.

ताटाचा फोटो शेजारणीमार्फत यायला पाठवला. संध्याकाळी तिचा आवाज आला. हे गोल काळं काय आहे? मी सांगितलं, दुगुबच, तुमचीच बाजरी, आम्ही पीठ मळून हातावर थापतो. पलीकडे बराच वेळ काही नाही, मग घरातल्यांना ती काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. परत आली आणि म्हणाली, पुढच्या वेळी येशील तेव्हा ते थापून दाखव. आणि पहिलं पाणी टाकलंस ना?

टाकलं, याय.